प्रकल्प नोंदी : ठाण्यातल्या बीबीएसवर ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’

६ जुलै २०२५, रविवार : यंत्र आणि घड्याळ

बसवायचे ते असे : सिंक्रोनेट बीबीएस (बीबीएस म्हणजे दुरून जोडून वापरायचा, मजकुरावर चालणारा निरोपांचा आणि खेळांचा फलक; सिंक्रोनेट हे तो चालवणारे सॉफ्टवेअर) आणि त्यावर ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’ हा डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमचा खेळ. पुढे सगळीकडे त्याला लॉर्ड म्हटले आहे. सेथ रॉबिन्सनने तो १९८९ मध्ये लिहिला. खेळणारे ठाणे, ऐरोली, वाशी आणि खारघरचे, यंत्र नौपाड्यात. एका वेळी चौघांना जागा.

हात घालण्यापूर्वी एक गोष्ट सर्वांनी नीट समजून घ्यावी. लॉर्डला स्वतःचा सर्व्हर नाही. जो कोणी बीबीएसवर येऊन खेळ उघडतो, त्याच्यासाठी प्रोग्रामची वेगळी प्रत सुरू होते. चौघे खेळत असले की चार प्रती चालतात आणि चारही त्याच त्या फाइलींत लिहितात. खेळाडूंची एकमेकांशी गाठ पडते ती या फाइलींत. त्यामुळे पडद्यावर ड्रॅगन दिसला म्हणजे काम झाले असे समजू नये. एका प्रतीने दुसरीचे लिखाण पुसू नये आणि खेळाचा दिवस सर्वांसाठी एकाच वेळी बदलावा, हे दोन्ही साधले तरच हा खेळ चार जणांचा. पुढच्या नोंदींतला बहुतेक खटाटोप याच दोन गोष्टींसाठी आहे.

यंत्र इंटेल एन१०० चा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, त्यावर डेबियन १२. रास्पबेरी पाय स्वस्त पडला असता, पण लॉर्ड १६ बिटी एक्स८६ प्रोग्राम आहे. ६४ बिटी कर्नलखाली प्रोसेसरचा व्हीएम८६ मोड (१६ बिटी प्रोग्राम थेट चालवण्याची सोय) मिळत नाही, म्हणून डोसेमू२ हा लिनक्सवरचा प्रोग्राम डॉस दोन मार्गांनी चालवतो : केव्हीएम या लिनक्सच्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीमार्फत थेट प्रोसेसरवर, नाहीतर एकेका सूचनेचे सॉफ्टवेअरमध्ये अनुकरण करून. पायमध्ये एक्स८६ प्रोसेसरच नसल्याने पहिला मार्ग बंद. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करून घेतले. बीबीएस ज्या लिनक्स वापरकर्त्याखाली चालणार त्याला केव्हीएमच्या गटात घातले. हे राहिले तर खेळ चालतो, पण अनुकरणावर, आणि विनाकारण प्रोसेसर तापवतो.

घड्याळाचे काम आजच उरकले, कारण नंतर त्याचा दोष शोधणे फार जड जाते. यंत्राचा टाइमझोन आशिया/कोलकाता. क्लाउडच्या सवयीने यूटीसी ठेवला तर डॉसलाही तीच वेळ मिळते आणि खेळाचा नवा दिवस मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला उजाडतो. सिंक्रोनेटमध्ये टाइमझोन वेगळा निवडावा लागतो. तिथल्या यादीत आपला विभाग ‘बॉम्बे’ या नावाने आहे, यूटीसीच्या ३३० मिनिटे पुढे. कोलकाता किंवा दिल्ली शोधत बसू नये.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल नवा टाकला. सेल मेला असेल तर वीज जाऊन आल्यावर यंत्र जुन्याच कुठल्या तरी तारखेने उठते, मग इंटरनेट आले की तारीख एकदम उडी मारते. दिवसावर चालणाऱ्या खेळात असली उडी म्हणजे सगळ्यांच्या हिशेबाचा घोळ. सेलवर एकट्यावर भिस्त नको म्हणून सिस्टमडीमध्ये (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) बीबीएसची सेवा टाइम-सिंक टार्गेटनंतर, म्हणजे वेळ जुळल्याच्या टप्प्यानंतर, सुरू होईल असे लिहिले. मात्र ते टार्गेट नुसते नावापुरते पूर्ण होते. वेळ खरोखर जुळेपर्यंत थांबायचे तर सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक ही वेगळी सेवा चालू करावी लागते. ती केली.

९ जुलै, बुधवार : सिंक्रोनेट

सोर्सवरून बांधले, डोसेमूचा पर्याय चालू ठेवून. बांधणीला सी कंपायलर, एनकर्सेस, एनएसपीआर आणि लिबआर्काइव्ह यांच्या डेव्हलपमेंट आवृत्त्या लागतात. एखादी नसेल तर बांधणी अर्ध्यात थांबते आणि चूक शेवटच्या ओळींत न दिसता बरीच वर सापडते. तिथेच पाहावे.

पहिले खाते सिसॉपचे, म्हणजे बीबीएस चालवणाऱ्याचे. चार नोड, म्हणजे एका वेळी येणाऱ्यांच्या चार जागा. १०२४ खालचे पोर्ट साध्या वापरकर्त्याला उघडता येत नाहीत, म्हणून सेवा रूट (सर्व हक्क असलेला वापरकर्ता) म्हणून सुरू होते आणि पोर्ट घेतल्यावर एसबीबीएस या वापरकर्त्यावर उतरते. ते नाव एसबीबीएस.आयएनआय मध्ये लिहिले. न लिहिल्यास सगळे रूट म्हणूनच चालत राहते, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या डॉस प्रोग्रामला रूटचे हक्क देणे कोणत्याही हिशेबाने बरोबर नाही.

नव्या सभासदाला विचारायच्या प्रश्नांतून पत्ता, फोन आणि जन्मतारीख काढून टाकली. कारण पुढच्या नोंदीत.

१२ जुलै, शनिवार : डोसेमू, फॉसिल आणि ड्रॉप फाइल

बीबीएसने खेळाला दोन गोष्टी द्यायच्या असतात : खेळाडू कोण आहे ही माहिती आणि त्याच्यापर्यंत जाणारी तार.

माहिती ड्रॉप फाइलमधून जाते. आपण डोअर.सिस घेतली. साधी मजकूर फाइल, ५२ ओळी, प्रत्येक ओळीचा अर्थ ठरलेला. पहिल्या ओळीत कॉम पोर्ट, दुसरीत वेग, चौथीत नोड क्रमांक, दहावीत नाव, अठराव्या ओळीत उरलेला वेळ सेकंदांत आणि एकोणिसाव्यात मिनिटांत. बाराव्या-तेराव्या ओळी फोनसाठी आणि चौदावी पासवर्डसाठी राखलेली आहे. ही फाइल कोणताही डोअर प्रोग्राम (बीबीएसवरून उघडणारा बाहेरचा प्रोग्राम) वाचू शकतो, म्हणूनच गरज नसलेली माहिती सभासदाकडून मुळात घेतलीच नाही.

डॉरइन्फो१.डेफ हा दुसरा प्रचलित प्रकार. त्याच्या नावातच आकडा असतो. काही खेळ तो आकडा नोडप्रमाणे बदलेल असे धरतात, काही सगळ्या नोडवर १ च शोधतात. चार नोडच्या बीबीएसवर ही कटकट कशाला? लॉर्डला दोन्ही चालतात, म्हणून डोअर.सिस.

आता तार. डॉसच्या काळात तिथे खरा मोडेम असे आणि खेळ फॉसिल ड्रायव्हरमार्फत (खेळ आणि पोर्ट यांच्यातला दुभाषा), इंटरप्ट १४ हेक्सवरून, त्याच्याशी बोलत. आज डोसेमू कॉम१ ला आभासी पोर्ट बनवतो आणि सिंक्रोनेट त्याचे दुसरे टोक टेलनेटला, म्हणजे खेळाडूच्या मजकूर-जोडणीला, जोडतो. मधला फॉसिल तरीही लागतोच. डेव्हिड न्यूजंटचा बीएनयू घेतला. खेळ सुरू होण्यापूर्वी चालणाऱ्या बॅच फाइलीत तो चढवला, पोर्टचा वेग ५७६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असा बांधून.

घोळ हमखास होतो तो इथे : फॉसिल पोर्ट ० पासून मोजतो, डॉस कॉम१ पासून. फॉसिलचा पोर्ट ० म्हणजे कॉम१. बीएनयूला पोर्ट १ सांगितला तर तो कॉम२ धरून बसतो. मग सर्व्हरवर खेळ सुरू झालेला दिसतो आणि खेळाडूसमोर काळा पडदा. ड्रॉप फाइलीच्या पहिल्या ओळीत कॉम० आले तरी हेच होते, कारण त्याचा अर्थ ‘माणूस यंत्रासमोरच बसला आहे’ असा ठरलेला आहे.

बॅच फाइल लिनक्सच्या एडिटरमध्ये लिहिली असेल तर ओळींचे शेवट डॉस पद्धतीचे करून घ्यावेत. नाहीतर दोन आज्ञा एकमेकींना चिकटतात आणि ‘फाइल सापडली नाही’ असा दिशाभूल करणारा निरोप येतो.

१३ जुलै, रविवार : लॉर्डची मांडणी

लॉर्डची झिप एक्सटीआरएन (सिंक्रोनेटची बाहेरचे प्रोग्राम ठेवायची डिरेक्टरी) खालच्या लॉर्ड डिरेक्टरीत उघडली. सगळी नावे आठ अधिक तीन अक्षरांची, तशीच ठेवली. लॉर्डसीएफजी या लॉर्डच्या मांडणी-प्रोग्राममध्ये प्रत्येक नोडसाठी वेगळी नोंद करावी लागते आणि तिची नोड१.डॅट, नोड२.डॅट अशी फाइल बनते. चार नोड, चार फाइली. प्रत्येकीत ड्रॉप फाइलचा प्रकार, तिचा मार्ग आणि फॉसिल वापरायचा की नाही.

मार्ग लिहिताना लिनक्सचा पत्ता चालत नाही. डोसेमू डिरेक्टरीला ड्राइव्हचे अक्षर देतो आणि खेळाला तेवढेच दिसते. आपल्या मांडणीत चालू नोडची डिरेक्टरी डी ड्राइव्ह, खेळ ई ड्राइव्हवर. सोय अशी की डी नेहमी ज्या त्या नोडचीच असते, त्यामुळे चारही फाइलींत मार्ग एकच.

सिंक्रोनेटच्या एससीएफजी या मांडणी-प्रोग्राममध्ये एक्स्टर्नल प्रोग्राम्स, ऑनलाइन प्रोग्राम्स इथे नवी नोंद केली. आज्ञा स्टार्ट.बॅट आणि पुढे टक्का-हॅश. या खुणेच्या जागी सिंक्रोनेट नोडचा आकडा घालतो. नेटिव्ह एक्झिक्युटेबल : नाही. इंटरसेप्ट आय/ओ : नाही. मल्टिपल कन्करंट युजर्स : हो. ड्रॉप फाइल : डोअर.सिस. ड्रॉप फाइलची जागा : नोड डिरेक्टरी.

या शेवटच्या उत्तरावर सगळे अवलंबून आहे. तिथे ‘स्टार्ट-अप डिरेक्टरी’ निवडले तर डोअर.सिस लॉर्डच्या डिरेक्टरीत लिहिली जाते, आणि ती एकच असते. दोघांनी काही क्षणांच्या अंतराने खेळ उघडला की दुसऱ्याची फाइल पहिल्याच्या फाइलीवर बसते. वाशीचा खेळाडू ठाण्याच्या खेळाडूचे पात्र घेऊन रानात शिरतो, त्याचे सोने उडवतो, आणि लॉगमध्ये कुठेही चूक दिसत नाही. एकट्याने चाचणी घेतली तर हा दोष कधीच सापडणार नाही.

खेळ माणसाला ओळखतो ते ड्रॉप फाइलीतल्या नावावरून. टोपणनाव मध्येच बदलले तर तो नवाच माणूस ठरतो आणि जुने पात्र अनाथ होते. सभासदांना हे आधीच सांगून ठेवले आहे.

रानातल्या लढाया रोज १५, खेळाडूंवरचे हल्ले रोज ३. हे आकडे वाढवायचा मोह टाळावा. रोजच्या लढाया रोज संपतात म्हणूनच नोकरी करणारा माणूस आणि सुट्टीवरचा विद्यार्थी इथे बरोबरीने खेळू शकतात.

१९ जुलै, शनिवार : दोन नोडची चाचणी

सिंक्रोनेट साधारणपणे एकाच सभासदाला एका वेळी दोन नोडवर येऊ देत नाही. म्हणून दोन चाचणी खाती, दोन लॅपटॉप, दोन्हीकडे सिंकटर्म हा टर्मिनल प्रोग्राम.

क्रम असा ठेवावा. दोघांनी शक्य तितके एकाच वेळी खेळात शिरायचे आणि पडद्यावर आपापलेच नाव आहे ना ते पाहायचे. मग दोघांनी एकमेकांना निरोप लिहायचे, एकाच वेळी पाठवायचे. एकाने बँकेतून दुसऱ्याच्या नावे सोने पाठवायचे. दोघांनी एकदम बाहेर पडायचे, परत आत येऊन आकडे जुळवायचे. सोने दोन्हीकडे दिसले किंवा दोन्हीकडून गेले तर फाइल-कुलपे चालत नाहीत असे समजावे. प्रोग्राम नोंद वाचतो, स्मृतीत बदलतो आणि परत लिहितो. कुलूप नसेल तर जो शेवटी लिहील त्याचेच खरे ठरते.

जुन्या डॉसमध्ये यासाठी शेअर.एक्सई चढवावे लागे. डोसेमू२ मध्ये ही सोय आतच आहे आणि कुलपे खालच्या लिनक्स फाइल सिस्टमवर पडतात. म्हणून लॉर्डची डिरेक्टरी यंत्राच्याच ईएक्सटी४ डिस्कवर ठेवावी. घरातल्या नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवण-यंत्रावर) किंवा सांबा शेअरवर (नेटवर्कवरून वाटलेल्या डिरेक्टरीत) ठेवली की कुलपांचा भरवसा राहत नाही.

तुटलेल्या जोडणीची चाचणीही आजच. एका फोनचे हॉटस्पॉट वापरून खेळ उघडला आणि मध्येच विमान मोड लावला. ठाणे-वाशी लोकलमध्ये नेटवर्क गेले की नेमके हेच होते : टीसीपीला निरोप मिळतच नाही, सर्व्हरच्या लेखी माणूस अजून बसलेला आहे. नोड अडकतो, लॉर्डची प्रत चालू राहते आणि तोच खेळाडू परत आला तर तो आधीच दुसऱ्या नोडवर असल्याचे त्याला सांगितले जाते. उपाय सॉकऑप्ट्स.आयएनआय मध्ये : कीप-अलाइव्ह चालू, ६० सेकंद शांतता गेली की विचारणा, पुढची १५ सेकंदांनी, ४ विचारण्यांना उत्तर नाही आले की जोडणी तोडायची. म्हणजे सुमारे दोन मिनिटांत नोड मोकळा. जोडणी तुटली की आभासी पोर्टवर कॅरिअर (जोडणी जिवंत असल्याची खूण) जातो, फॉसिल ते लॉर्डला कळवतो आणि लॉर्ड नोंद लिहून बाहेर पडतो. प्रोसेसच्या यादीत डोसेमू उरला नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे.

डॉस प्रोग्राम कळ दाबण्याची वाट पाहताना सतत फिरत राहतात आणि एक कोअर पूर्ण खातात. डोसेमूच्या मांडणीत हॉग थ्रेशोल्ड १ ठेवला की रिकाम्या वेळात तो थांबतो.

२० जुलै, रविवार : बाहेरून रस्ता

राउटरवरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर जोडणी सीजीनॅटमागे आहे, म्हणजे पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो. तिथे पोर्ट फॉरवर्ड कितीही केला तरी बाहेरचा माणूस आत येणार नाही. दोन वाटा : पुरवठादाराकडून स्थिर पत्ता विकत घेणे, किंवा सार्वजनिक पत्ता असलेला छोटा क्लाउड सर्व्हर घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी). दुसरी घेतली. बोगद्याचा एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी) १४२०, कीप-अलाइव्ह २५ सेकंद, घराच्या बाजूने जोडणी जिवंत राहावी म्हणून.

इंटरनेटवरच्या बहुतेक कृतींत क्लाउड सर्व्हरवर मास्करेड लावायला सांगतात. आपल्याला तो नको. मास्करेड लावला की सगळे खेळाडू बोगद्याच्या एकाच अंतर्गत पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. मग कुठल्याशा बॉटने, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामने, चुकीचे पासवर्ड मारले आणि सिंक्रोनेटने तो पत्ता बंद केला की ऐरोलीपासून खारघरपर्यंत सगळ्यांनाच दार बंद. म्हणून क्लाउडवर फक्त डेस्टिनेशन नॅट, म्हणजे येणारी जोडणी घरच्या यंत्राकडे वळवणे. घरच्या यंत्रावर वेगळा राउटिंग टेबल आणि नियम असा की बोगद्याच्या पत्त्यावरून निघालेली उत्तरे बोगद्यातूनच परत जातील. यासाठी वायरगार्डच्या मांडणीत बोगद्यातून सगळे पत्ते मान्य करायचे आणि टेबल ‘ऑफ’ ठेवायचा, नाहीतर घरचे सगळेच इंटरनेट क्लाउडमधून फिरायला लागते. लॉगमध्ये खेळाडूंचे खरे पत्ते दिसू लागले की काम झाले.

२७ जुलै, रविवार : बॉट

टेलनेटचा २३ पोर्ट उघडला की काही मिनिटांत बॉट येतात. २०१६ च्या मिराई या मालवेअरपासून कॅमेरे आणि राउटर शोधत फिरणारी ही जात २३ आणि २३२३ दोन्ही ठोठावते. पासवर्ड फोडण्याचा धोका इथे कमी. खरा त्रास असा की प्रत्येक बॉट एक नोड अडवतो, आणि चार बॉट आले की खऱ्या खेळाडूला ‘सगळे नोड व्यस्त’.

टेलनेट २३ वरून हलवून पाच आकडी पोर्टवर नेला, एसएसएच चालू ठेवला. चुकीच्या लॉगिनांनंतर तात्पुरती बंदी १० मिनिटे. एका पत्त्यावरून लॉगिन न झालेल्या जोडण्यांची मर्यादा ३. ती १ केली तर जास्त आवळले जाईल, कारण एकाच सोसायटीतले दोन खेळाडू अनेकदा पुरवठादाराच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागून येतात. बंदी मोठी न ठेवण्याचे कारणही तेच : शेजाऱ्याच्या बिघडलेल्या कॅमेऱ्याची शिक्षा खेळाडूला नको.

२ ऑगस्ट, शनिवार : मराठी, आणि रनटाइम एरर २००

लॉर्ड आयबीएम पीसीच्या ४३७ कोडपेजवर (चिन्हांच्या तक्त्यावर) चालतो. त्यात २५६ चिन्हे, देवनागरी नाही. खेळातल्या गप्पा आणि निरोप मराठीतच चालतील, पण रोमन अक्षरांत. बीबीएसचे स्वागत मात्र यूटीएफ-८ टर्मिनलवर देवनागरीत दाखवता येते. मात्रा आणि जोडाक्षरांची रुंदी प्रत्येक टर्मिनल वेगळी मोजतो, त्यामुळे चौकटीची उजवी बाजू कधीच सरळ येत नाही. उजवी बाजू काढून टाकली, डावी ठेवली. चांगले दिसते.

बाजूला एक जुना छोटा खेळ लावला तर तो उघडताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन पडला. टर्बो पास्कल ७ या जुन्या प्रोग्रामिंग साधनाचे सीआरटी युनिट सुरुवातीला घड्याळाच्या एका टिकटिकीत, सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजते आणि ५५ ने भागते. वेगवान प्रोसेसरवर भागाकार १६ बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक देतो. शून्याने भागल्याचा निरोप दिसतो, पण शून्य कुठेच नसते. केव्हीएमच्या पूर्ण वेगामुळेच हे उद्भवते. उपाय म्हणजे मूळ एक्सईची प्रत ठेवून दुसरीवर त्या युनिटचा पॅच चढवणे. वेग कमी करून चालवणे टाळावे, यंत्र बदलले की दोष परत येतो.

१० ऑगस्ट, रविवार : रोजची कामे, बॅकअप, गणपती

लॉर्डची रोजची देखभाल दिवसातला पहिला खेळाडू आत शिरला की होते, त्यासाठी वेगळी आज्ञा लागत नाही. बॅकअपला मात्र टाइम्ड इव्हेंट केला : रोज पहाटे ४ वाजता, ‘एक्सक्लुझिव्ह’ चालू. एक्सक्लुझिव्ह म्हणजे सगळे नोड मोकळे होईपर्यंत सिंक्रोनेट थांबतो. चालू खेळात फाइलींची नक्कल घेतली तर खेळाडूंची फाइल एका क्षणाची आणि निरोपांची दुसऱ्या क्षणाची येते, असा बॅकअप परत टाकून उपयोग नाही. लॉर्डची पूर्ण डिरेक्टरी टार करून १४ प्रती ठेवतो. काही मेगाबाइटांचेच काम.

परत टाकताना क्रम : आधी एससीएफजी मध्ये लॉर्डची प्रवेश-अट फक्त सिसॉपपुरती करायची, प्रोसेसच्या यादीत डोसेमू नाही याची खात्री करायची, सध्याची डिरेक्टरी नाव बदलून बाजूला ठेवायची, मग जुनी उघडायची. मालकी एसबीबीएस वापरकर्त्याची आहे का ते पाहायचे. रूटने उघडलेल्या फाइली खेळाला वाचता येतात पण लिहिता येत नाहीत, आणि मग प्रत्येकाचा दिवस बाहेर पडताच विसरला जातो.

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. निम्मे खेळाडू कोकणात असतील आणि तिथे नेटवर्क मिळेलच असे नाही. लॉर्डसीएफजी मध्ये न आलेल्या खेळाडूचे पात्र किती दिवसांनी काढायचे ते ३० केले. शेतात झोपलेल्या पात्रावर कोणीही हल्ला करू शकतो, म्हणून गावी जाणाऱ्यांनी सोने बँकेत टाकावे आणि शेवटच्या दिवशी सरायीत खोली घेऊन बाहेर पडावे. ही सूचना २० तारखेपासून लॉगिनच्या पडद्यावर लावायची आहे, देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही.